विश्लेषण : तीन दिवसांत कार्ताहेना पाहता येते, पण तिथे राहणाऱ्यांचे काय?

पिवळ्या-गुलाबी भिंती, बोगनवेलीने झाकलेले लाकडी सज्जे आणि डोक्यावर फळांची पाटी घेतलेल्या रंगीत झग्यांतल्या स्त्रिया. कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरील कार्ताहेना शहराचे रील्स साधारण असेच असतात. मायामीहून थेट विमानाने हे शहर जेमतेम तीन तासांवर आहे. त्यामुळे अमेरिकेत राहणाऱ्या भारतीयांसाठीही ‘लाँग वीकेंड’चा हा सोयीचा पर्याय ठरतो. मात्र मुक्काम कुठे करायचा, कोणत्या महिन्यात जायचे, कोणती लस घ्यायची, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नांमागे शहरातला एक मोठा पेच आहे.

इतिहास काय सांगतो?

स्पॅनिश सरदार पेद्रो दे एरेदिया याने १५३३ मध्ये हे शहर वसवले. दक्षिण अमेरिकेतील सोने-चांदी इथून स्पेनला जाई आणि आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे इथे विकली जात. १५८६ मध्ये फ्रान्सिस ड्रेकने शहर लुटून खंडणी वसूल केली. त्यानंतर तटबंदीचे काम जोरात सुरू झाले. १७४१ मध्ये ब्रिटिश अ‍ॅडमिरल व्हर्नन १८० हून अधिक जहाजे घेऊन आला, तरी त्याला सान फेलिपे किल्ला घेता आला नाही. तटबंदी, किल्ले आणि बंदर यांना १९८४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. याच सान फेलिपे किल्ल्याजवळ काही वर्षांपूर्वी एक उंच निवासी इमारत उभी राहू लागली होती. किल्ल्याचे दृश्य झाकले जाते म्हणून मोठा वाद झाला. काम थांबले आणि अखेर इमारत पाडण्याचा निर्णय झाला. दगडी वारसा वाचवण्यासाठी यंत्रणा हलते, हे यातून दिसले. त्या वारशात राहणाऱ्या माणसांचे प्रकरण मात्र अधिक अवघड आहे.

गेत्सेमानीत काय घडते आहे?

मुक्कामासाठी हल्ली सर्वाधिक सुचवली जाणारी वस्ती म्हणजे गेत्सेमानी. ही कारागिरांची आणि आफ्रिकी वंशाच्या कष्टकऱ्यांची जुनी वस्ती. ११ नोव्हेंबर १८११ रोजी स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर झाले, तेव्हा पेद्रो रोमेरो याच्या नेतृत्वाखाली इथलेच लोक हत्यारे घेऊन रस्त्यावर उतरले होते. अगदी दोन-तीन दशकांपूर्वीपर्यंत मात्र पर्यटकांना ‘तिकडे जाऊ नका’ असे सांगितले जाई.

आता उलटे झाले आहे. भिंतींवर चित्रे आली, कॅफे आले, जुनी घरे हॉटेलांसाठी विकत घेतली गेली, उरलेल्या खोल्या अल्पमुदतीच्या भाड्याच्या अ‍ॅपवर गेल्या. जागेची किंमत वाढली की मालमत्ता कर वाढतो, वाणसामान महागते आणि भाडेकरू तर पहिल्याच वाढीत बाहेर पडतो. ज्याचे स्वतःचे घर आहे, त्यालाही विकून शहराच्या कडेला जाणे परवडते. फसवणूक वगैरे काही नाही, सगळे रीतसर व्यवहार आहेत. म्हणूनच ते रोखणे कठीण आहे. गंमत अशी, की गेत्सेमानीतील ‘वस्तीचे जगणे’ हेच कोलंबियाने राष्ट्रीय अमूर्त वारसा यादीत घेतले आहे. संध्याकाळी दारात खुर्च्या टाकून बसणारे लोकच उरले नाहीत, तर त्या यादीत नेमके काय राहील?

पर्यटक यात काय करू शकतो? मोठ्या हॉटेलाऐवजी किंवा अख्खे घर भाड्याने घेण्याऐवजी रहिवासी कुटुंब स्वतः चालवत असलेली खोली निवडता येते. त्याने प्रश्न सुटत नाही, पण पैसा निदान त्याच गल्लीत राहतो.

फळवाल्या स्त्रिया कोण?

त्या ‘पालेंकेरा’. मूळ गाव सान बासिलिओ दे पालेंके, शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर. गुलामगिरीतून पळालेल्या लोकांनी ते वसवले. तिथे स्पॅनिश आणि आफ्रिकी भाषांच्या मिश्रणातून घडलेली स्वतंत्र बोली आजही टिकून आहे. या गावाच्या संस्कृतीची युनेस्कोने २००५ मध्ये दखल घेतली. आज अनेकींची कमाई फळांपेक्षा फोटोंतून होते, त्यामुळे न विचारता फोटो काढून चालू लागणे हा त्यांच्या मजुरीवर डल्लाच. तीन दिवसांतला एक दिवस किनाऱ्याऐवजी पालेंकेला दिला, तर शहराचा अर्धा इतिहास समजतो.

कधी जावे?

डिसेंबर ते मार्च कोरडा आणि वाऱ्याचा काळ, पण गर्दीही तेव्हाच. त्यात क्रूझ जहाजे आली, की सकाळी उतरून संध्याकाळी परतणाऱ्यांनी तटबंदीतल्या गल्ल्या भरून जातात. त्या दिवशी सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर फिरणे बरे. ऑक्टोबर-नोव्हेंबर पावसाचे. वादळे थेट क्वचितच येतात, तरी नोव्हेंबर २०२० मध्ये ‘आयोटा’ चक्रीवादळाच्या पावसाने शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. बोकाग्रांदे या उंच इमारतींच्या भागात तर मोठ्या भरतीला पाऊस नसतानाही रस्त्यांवर समुद्राचे पाणी येते.

व्हिसा आणि लसीचे काय?

अमेरिका किंवा शेंगेन देशांचा किमान १८० दिवस वैध व्हिसा असलेल्या भारतीयांना पर्यटनासाठी कोलंबियाचा वेगळा व्हिसा लागत नाही. नियम बदलतात, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करावी. खरी अडचण परतताना होऊ शकते. कोलंबियात २०२५ मध्ये पीतज्वराची साथ वाढल्याने आरोग्य आणीबाणी जाहीर झाली होती. भारताच्या पीतज्वरग्रस्त देशांच्या यादीत कोलंबिया आहे. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात पोहोचणाऱ्याकडे लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला विमानतळावरूनच विलगीकरणात पाठवले जाऊ शकते. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि मग ते आयुष्यभर चालते. भारतात ही लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, त्यामुळे विमानाच्या तिकिटाआधी तिची तारीख घेतलेली बरी.