कळपाचे नियम

गेल्या मे महिन्यांतील गोष्ट. दुपारचीं जेवणें उरकून आम्ही नेहमींच्या आरामखुर्चींत जरा कलंडलों होतों. सुटीसाठीं घरांत सात नातवंडें जमलेलीं असतांना माजघरांतून चिटपांखराचाहि आवाज येऊं नये, ही गोष्ट पस्तीस वर्षें वर्गावर काढलेल्या मनुष्यास स्वस्थ झोंपूं देणारी नव्हे. उठून पाहतों तों सारीं मुलें भिंतीला टेकून ओळीनें बसलेलीं, मध्यें दोन वह्या उघड्या, आणि थोरल्या नातवाच्या हातीं मोबाइल. कारण आमच्या धाकट्या बंधूंचीं दोन नातवंडें नागपुरास असल्यामुळें त्यांचा भाग त्या यंत्रावाटें येत होता. "काय चाललें आहे?" असें विचारतांच नऊ वर्षांची धाकटी नात मान वर न करतां म्हणाली, "आजोबा, हळू बोला. आम्ही लांडगे आहोंत."

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं दहा ते सोळा वर्षांचीं मुलें आहेत, त्यांस हा खेळ कदाचित् ठाऊक असेल, आम्हांस नव्हता. यांत पळापळ नाहीं, फांसे नाहींत, हारजीत नाहीं. प्रत्येकानें एक लांडगा व्हावयाचें, आणि आपला लांडगा काय पाहतो, काय हुंगतो, काय करतो हें पाळीपाळीनें लिहावयाचें. एकानें लिहावें कीं ओढ्याकांठीं हरणाचा माग लागला. दुसऱ्यानें लिहावें कीं आपली लांडगी कान टवकारून उभी राहिली. अशी सर्वांनीं मिळून एक कथा पुढें न्यावयाची. एकमेकांचें तोंडहि न पाहिलेलीं देशोदेशींचीं मुलें असे कळप करून महिनेच्या महिने हा खेळ खेळतात, असें आम्हांस सांगण्यांत आलें.

शेजारच्या एका सद्गृहस्थांनीं हें ऐकून कपाळास आठ्या घातल्या. माणसाच्या पोरांनीं जनावरें कां व्हावें, असा त्यांचा सवाल. आम्हांस त्यांत नवें कांहीं दिसेना. जेजुरीस वाघ्या खंडोबाचा कुत्रा होऊन भुंकतो, कोटंब्यांतून अन्न खातो, आणि त्याला कोणी हंसत नाहीं. किप्लिंगचें 'जंगल बुक' १८९४ सालीं निघालें; त्यांतील लांडग्यांचा कळप सातपुड्याकडील शिवनीच्या रानांतला, आणि त्याच्या नायकाचें नांव अकेला. त्याच पुस्तकाचा आधार घेऊन बेडन-पॉवेल यांनीं १९१६ सालीं लहान मुलांसाठीं बालवीरांची शाखा काढली, तिला 'वुल्फ कब' म्हणजे लांडग्याचीं पिल्लें असेंच नांव दिलें. आम्ही स्वतः शाळेंत कांहीं वर्षें कबांचे शिक्षक होतों, आणि मैदानांत वर्तुळ करून उकिडव्या बसलेल्या पोरांबरोबर आम्हींहि आरोळ्या ठोकलेल्या आहेत. तेव्हां शेजाऱ्यांच्या आठ्यांत आम्हांस भर घालतां आली नाहीं.

खेळास बसण्यापूर्वीं प्रत्येकास आपल्या लांडग्याची पत्रिका भरून द्यावी लागते. नांव, वय, नर कीं मादी, केसांचा रंग, डोळ्यांचा रंग, अंगावरील खूण, स्वभाव, पूर्ववृत्त, आणि सरतेशेवटीं एक रकाना – उणीव. हा शेवटचा रकाना रिकामा ठेवल्यास पत्रिका परत येते. नियम थोरल्या नातवानें, वय वर्षें चौदा, सुवाच्य अक्षरांत लिहून काढले होते. त्यानें ते शुद्धलेखन तपासण्यासाठीं आमच्याकडे दिले. आम्ही लाल पेन्सिल घेऊन बसलों, आणि थोड्याच वेळांत पेन्सिल बाजूस ठेवून नुसते वाचूं लागलों.

दुसऱ्याच्या लांडग्यानें काय केलें तें आपण लिहूं नये. आपला लांडगा झेंप घालतो एवढेंच लिहावें. ती लागली कीं हुकली तें ज्याच्यावर झेंप घातली त्यानें ठरवावें. जें आपणांस ठाऊक आहे परंतु आपल्या लांडग्यास ठाऊक असण्याचें कारण नाहीं, तें त्याच्या मनांत घालूं नये. सर्वगुणसंपन्न लांडगा घेतला जाणार नाहीं. आणि कोणाचाहि लांडगा त्याच्या धन्याच्या संमतीवांचून मारूं नये.

धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशान्त आणि धीरोद्धत असे नायकाचे चार भेद आम्हीं मुलांकडून वर्षानुवर्षें घोकून घेतले. पण पात्र म्हणजे काय हें इतक्या थोडक्यांत आम्हांस कधीं सांगतां आलें नव्हतें. मुख्य नायकाचा वध रंगावर दाखवूं नये असा दशरूपककारांचा दंडक आहे. भासासारखा एखादाच तो मोडून 'ऊरुभंगां'त दुर्योधनास प्रेक्षकांसमक्ष देह ठेवूं देतो. आमच्या माजघरांतल्या शास्त्रकारांनीं त्याच प्रश्नावर संमतीची तोड काढली होती. आम्ही प्रसन्न झालों, आणि थोरल्याच्या लांडग्यासाठीं 'वृकोदर' हें नांव बक्षीस दिलें. वृक म्हणजे लांडगा, आणि ज्याचें पोट लांडग्याचें तो वृकोदर भीम, हें ऐकून तो फारच खूष झाला.

धाकटीच्या पत्रिकेशीं मात्र आमची जराशी झटापट झाली. तिची लांडगी बर्फासारखी पांढरी, डोळे निळे, वय दोनशें वर्षें, राहणार हिमाच्छादित पर्वत. मास्तरकी अंगांत मुरलेली, गप्प बसवेना. आम्हीं सांगितलें कीं रानांतल्या लांडग्यानें दहा वर्षें पाहिलीं तरी तो वृद्धच म्हणावयाचा. आपल्या दक्षिणेंतला लांडगा बर्फांत नव्हे तर माळावर राहतो. सोलापूरजवळ नान्नजच्या गवताळ रानांत तो आहे, धनगरांच्या मेंढ्यांवर त्याचा डोळा असतो. अंगानें सडपातळ, रंगानें मातकट, आणि वजनानें उत्तरेकडील थोराड लांडग्याच्या जवळजवळ निम्मा. शिवाय मोठ्या लांडग्याचे डोळे पिवळसर असतात. पिल्लू जन्मतें तेव्हां त्याचे डोळे मिटलेले असतात. दोनएक आठवड्यांनीं उघडतात तेव्हां ते निळसर दिसतात, आणि पुढें कांहीं महिन्यांत तो निळेपणा जातो. तिनें सारें ऐकून घेतलें, दोनशें खोडून दोन महिने केलें, पर्वत खोडून माळ केला, आणि डोळे निळेच ठेवले. यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

एक रकाना आम्हीं वाचला आणि तसेच पुढें गेलों. तेथें थांबावयास हवें होतें. तो रकाना 'पदवी'चा. कळपांत एक अल्फा, त्याखालीं बीटा, मग इतर, आणि सर्वांच्या तळाशीं एक ओमेगा. अल्फाचा शब्द अखेरचा. ओमेगानें सर्वांपुढें शेंपूट घालावें, सर्वांचे चावे सोसावे, आणि शिकार झाल्यावर सर्वांच्या मागून खावें. थोरला अर्थातच अल्फा झाला होता. ओमेगा कोणीतरी व्हावयास हवें, म्हणून धाकटीस केलें होतें. ग्रीक अक्षरें पाहून हें सारें फार शास्त्रीय असावें, असा आमचाहि समज झाला.

चौथ्या कीं पांचव्या दिवशीं रात्रीं पानें मांडलीं, सर्व बसले, आणि धाकटी येईना. ती स्वयंपाकघराच्या दाराशीं भिंतीला चिकटून उभी. आमच्या सौ.नीं हांक मारली, दोनदां मारली. तेव्हां ती म्हणाली, "आजी, मी ओमेगा आहें. सगळ्यांचें झालें कीं मग मी." मुलें हंसलीं. थोरला हंसला नाहीं; तो गोरामोरा झाला. सौ. भाताचें पातेलें हातांत धरून तशाच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अग, मग मी चाळीस वर्षें कोण होतें?"

त्या शब्दांत राग नव्हता, हें आम्ही मुद्दाम नमूद करतों. राग असता तर आम्हांस कांहीं बोलतां आलें असतें. आमच्या घरीं आधीं पुरुष आणि मुलें, मग सुना, आणि सर्वांत शेवटीं त्या, असा क्रम चालत आलेला. तो कोणीं ठरविला असें विचारल्यास आम्हांस सांगतां यावयाचें नाहीं. आमच्या मातोश्रींच्या वेळीं तो होता. आम्हीं तो मोडला नाहीं. शेवटच्या पानावर पुष्कळदां भाजी नुसती चाटून पुसून उरलेली असे, हें आम्हांस ठाऊक होतें कीं नव्हतें? ठाऊक होतें, असेंच लिहिणें भाग आहे.

त्या रात्रीं नियमांचा कागद आम्हीं पुन्हां काढला. एखाद्याचा लांडगा मारावयाचा तर संमति हवी; त्याला कायमचें शेवटीं जेवावयास बसवावयाचें तर मात्र कोणाची संमति घ्यावी असें कोठें लिहिलेलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं थोरल्यास जवळ घेऊन बसलों. त्याला दोष देण्याचा अधिकार आमच्याकडे उरला नव्हता. म्हणून दोघांनीं मिळून एवढेंच शोधावयाचें ठरविलें कीं हा अल्फा आला कोठून. शोध लागला तो असा. रुडॉल्फ शेंकेल नांवाच्या शास्त्रज्ञानें स्वित्झर्लंडांतील बाझल येथील प्राणिसंग्रहालयांत कोंडलेल्या लांडग्यांचें निरीक्षण करून १९४७ सालीं आपला प्रबंध प्रसिद्ध केला. त्या आवारांत त्याला वरचढपणासाठीं चाललेलीं भांडणें आणि पायऱ्यापायऱ्यांची उतरंड दिसली. पुढें अमेरिकेंतील डेव्हिड मीच यांनीं लांडग्यावर मोठा ग्रंथ लिहिला, तो १९७० सालीं निघाला, आणि त्यांतून ही अल्फाची कल्पना घरोघर पोंचली. परंतु याच मीच यांनीं १९८६ पासून कॅनडाच्या अगदीं उत्तरेकडील एल्समीर बेटावर उन्हाळ्यामागून उन्हाळे रानांतल्या लांडग्यांच्या सान्निध्यांत काढले, आणि १९९९ सालीं निबंध लिहून सांगितलें कीं रानांतला कळप म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून एक कुटुंब आहे. एक नर, एक मादी, आणि त्यांचीं गेल्या दोनतीन वर्षांतलीं पिल्लें. पुढारी कोणास हरवून पुढारी झालेला नसतो. तो बाप असतो, ती आई असते. प्राणिसंग्रहालयांत ठिकठिकाणचीं अनोळखी जनावरें एका कुंपणांत कोंडावीं, कोणास बाहेर जाण्यास वाट ठेवूं नये, आणि मग जें दिसेल त्यास लांडग्याचा स्वभाव म्हणावें, हा न्याय चुकीचा होता. मीच यांनीं आपल्याच जुन्या ग्रंथाची छपाई थांबवावी म्हणून प्रकाशकांकडे वर्षानुवर्षें तगादा लावला; २०२२ सालीं ती थांबली. स्वतःचें खपतें पुस्तक बंद करा म्हणून मागें लागणारा ग्रंथकार आमच्या तरी पाहण्यांत दुसरा नाहीं.

आणि जेवण? शिकार मोठी असेल तर बहुतेक सारे एकदमच खातात. अन्नाची टंचाई असेल तेव्हां आईबाप थोरल्या पिल्लांस मागें सारून सर्वांत लहानांस आधीं भरवितात. थोरलीं भावंडें पोटांत मांस घेऊन येतात आणि पिल्लांपुढें ओकून देतात. लांडगा म्हणजे ऋषि नव्हे. शेजारच्या कळपांतला परका सांपडल्यास त्याचा जीवहि घेतला जातो, आणि आईबापांचा धाक घरांतहि असतोच. पण घरांतल्याच धाकट्या पिल्लाला सर्वांच्या पायांखालीं ठेवण्याची पदवी रानांतल्या कुटुंबांत नाहीं.

थोरला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे आजोबा, मला बाप व्हावें लागेल?" चौदा वर्षांच्या मुलास हें पसंत पडण्यासारखें नव्हतें. शेवटीं त्यानें वृकोदरास दोन वर्षांचा तरुण केलें. या वयाच्या सुमारास लांडगा कळप सोडून निघतो, एकटा भटकतो, जोडीदार मिळाल्यास नवें कुटुंब मांडतो. त्याला कोणी हांकून दिलेलें असावेंच लागत नाहीं. त्याच्या पूर्ववृत्ताच्या रकान्यांत नातवानें लिहिलें: "लवकरच जाणार आहे, पण रागानें नाहीं."

हें वाक्य आम्ही दोनदां वाचलें. आमचे बंधु १९९१ सालीं नागपुरास वेगळें बिऱ्हाड करण्यास निघाले, तेव्हां "घर मोडलेंस" एवढेंच बोलून आम्ही आंत गेलों होतों. पोंचवावयास स्टेशनवर गेलों नाहीं. त्यांचीं नातवंडें आज यंत्रावाटें आमच्या माजघरांत लांडगे होऊन येतात, यास त्यांचा मोठेपणा कारण आहे, आमचा नव्हे. त्या संध्याकाळीं आम्हीं बंधूंस फोन केला. बोलणें आंब्यांच्या भावावरच झालें, पण पुष्कळ वेळ झालें.

नवे नियम आतां दुसऱ्या वहींत लिहिले आहेत. पदवीचा रकाना जाऊन तेथें 'नातें' आला. आई व बाप ही कामें आठवड्याआड सर्वांकडे फिरतात. ज्याच्याकडे बापाचें काम असेल त्यानें पिल्लांस भरविल्यावांचून स्वतः खाल्लें असें लिहूं नये. धाकटी निळ्या डोळ्यांचें पिल्लूच आहे आणि सर्वांस यथेच्छ चावते. रात्रीं वाढण्याचें काम मुलांनीं अंगावर घेतलें, आणि आजीस पहिल्या पंगतीला बसविलें. पहिल्या दिवशीं त्या तूप आणावयास एकदां आणि मीठ आणावयास एकदां अशा दोनदां पानावरून उठल्या. तिसऱ्यांदा उठूं लागल्या तेव्हां धाकटीनें त्यांचा पदर धरून ठेवला.

सुटी संपण्याच्या आदल्या दिवशीं मुलांनीं आमच्यापुढेंहि एक कोरी पत्रिका ठेवली; कळपास एक म्हातारा लांडगा हवा आहे म्हणे. नांव, वय, केसांचा रंग, हें सारें आम्हीं झटपट भरलें. उणिवेच्या रकान्याशीं येऊन पेन्सिल अडली. आम्ही विचार करीत असतांना सौ.नीं पत्रिका आमच्या हातांतून घेतली, रकान्यांत कांहींतरी लिहिलें आणि ती परस्पर धाकटीकडे दिली. पत्रिका परत आली नाहीं, त्या अर्थीं ती मंजूर झाली असावी. तींत काय लिहिलें आहे तें आम्हांस अद्याप कोणीं दाखविलेलें नाहीं.