मानेत गाठ आली म्हणजे सारे संपले काय?

काही महिन्यांपूर्वी साठीच्या उंबरठ्यावरचे एक गृहस्थ दवाखान्यात आले. दोन महिने आवाज बसलेला, मानेत लिंबाएवढी, न दुखणारी गाठ आणि खिशात तंबाखूची डबी. सुई टोचली की रोग पसरतो, या भीतीने त्यांनी तपासणी टाळली होती. या भीतीला आधार नाही. मात्र तिच्यापायी दवडलेले आठवडे महाग पडतात. अखेर निदान झाले : स्वरयंत्राचा कर्करोग, मानेतील लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचलेला.

“म्हणजे सारे संपलेच ना, डॉक्टर?” मुलाने विचारले. त्याला दिलेले उत्तर आपल्यालाही सांगतो.

कर्करोग मानेतील ग्रंथींत असणे आणि फुप्फुसांत वा यकृतात असणे, या भिन्न अवस्था आहेत. पहिल्या अवस्थेत आजार प्रगत असला, तरी उपचार बहुधा रोग बरा करण्याच्या उद्देशानेच होतात. स्वरयंत्राची कूर्चा रोगाने पोखरली असल्यास ते ग्रंथींसह काढून नंतर किरणोपचार देतात. अन्यथा स्वरयंत्र राखून, आठवड्यातून 5 दिवस, सुमारे 7 आठवडे किरणोपचार आणि सोबत सिस्प्लॅटिन देतात. हे औषध कर्कपेशींवरील किरणांचा परिणाम वाढवते. मात्र मूत्रपिंडे व श्रवणशक्ती जपावी लागते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे, त्याची चौकशी अवश्य करावी.

खरी कसोटी तिसऱ्या आठवड्यापासून लागते. तोंड येते, लाळ आटते, घोटभर पाणीही गिळवत नाही. “आता बस” असे रुग्ण म्हणतो आणि घरच्यांचे मन द्रवते. परंतु मध्येच खंड पडल्यास उरलेल्या कर्कपेशींना वाढण्यास अवसर मिळतो. म्हणून आरंभीच दात तपासून घ्यावेत, तंबाखू पूर्ण सोडावी, दर आठवड्यास वजन पाहावे. नाकातून पोटात नळी घालावी लागली, तर तो पराभव मानू नये. उपचार पुरे करण्याचा तो आधार आहे.

आमच्या या गृहस्थांनी नळीसह उपचार पूर्ण केले. गाठ किती विरली, हे उपचारांनंतर सुमारे 12 आठवड्यांनी होणारा पेट स्कॅन सांगेल. गरज भासल्यास मानेची शस्त्रक्रिया होईल. निकाल अद्याप हाती नाही, पण लढण्याची संधी त्यांनी गमावली नाही.

आपल्या घरी कोणाचा आवाज 3 आठवड्यांहून अधिक काळ बसला असेल, वा मानेतील गाठ तितके दिवस टिकून असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाण्यास उद्याची वाट पाहू नका.