अकरा महिन्यांची ताई

गेल्या पावसाळ्यात आमच्या संस्थेनं आम्हा चौदा जणींना दोन दिवस एका रिसॉर्टवर नेलं. (यासाठी पैसे होते तर, असं जेवताना एक जण पुटपुटली.) विषय होता 'कामाशी पुन्हा नातं जोडू या'. प्रशिक्षक एरवी बँकांच्या लोकांना शिकवतात. ते म्हणाले, डोळे मिटा आणि तुम्ही या क्षेत्रात का आलात ते आठवा. मी डोळे मिटले आणि मला झोप लागली. शेजारणीलाही. पुढे आम्हाला कळवण्यात आलं, की आमची 'एंगेजमेंट' कमी आहे.

त्या झोपेची बाजू मांडायला हा लेख.

मी पॉक्सोच्या खटल्यांत मुलांच्या सोबत असते. पोलीस ठाणं, सरकारी रुग्णालय, बालकल्याण समिती, मग कोर्ट. 2012च्या या कायद्याचं कलम 35 सांगतं, की न्यायालयानं गुन्ह्याची दखल घेतल्यापासून 30 दिवसांत मुलाची साक्ष नोंदवावी आणि खटला शक्यतो एका वर्षात संपवावा. त्या 'शक्यतो'त किती वर्षं मावतात, ते कोर्टाबाहेरच्या बाकावर बसल्याशिवाय कळत नाही. आणि माझं नेमणूकपत्र असतं अकरा महिन्यांचं. मग खंड, मग प्रकल्पाला पैसा आला तर नवं पत्र. म्हणजे सगळं कायद्याबरहुकूम झालं, तरी खटला माझ्या नोकरीपेक्षा महिनाभर लांबच. एका मुलीची मी तिसरी ताई. पहिल्याच भेटीत तिनं विचारलं, "तुम्हालापण पहिल्यापासून सांगायचं का?" नऊ वर्षांची पोर, आणि आवाज एखाद्या कारकुनासारखा कोरडा.

'बर्नआउट' हा शब्द कंपन्यांच्या साहेबांकडून आमच्याकडे आला, असा पुष्कळांचा समज आहे. उलट आहे. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी 1974 साली त्यावर लिहिलं ते न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्यांना बघून. ते स्वतःही त्यातलेच. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली त्याची व्याख्या केली, तीही आजार म्हणून केलेली नाही. कामाच्या ठिकाणचा, नीट न हाताळला गेलेला, दीर्घकाळचा ताण हे त्याचं मूळ. थकवा, कामावरून मन उडणं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं, ही लक्षणं. आमच्याकडे लक्षणं सगळ्यांना पाठ असतात. 'कामाच्या ठिकाणचा' हे शब्द तेवढे गळतात, आणि मग प्राणायाम सुचवला जातो.

'एंगेजमेंट' मोजायची युट्रेख्टची एक प्रसिद्ध मोजपट्टी आहे. उत्साह, समर्पण आणि तल्लीनता ती मोजते. समर्पण! हा शब्द मराठीत उच्चारला, की पगाराचा विषय काढणारा माणूस हलका ठरतो. म्हणून तर आपण 'मानधन' हा शब्द जपून ठेवला आहे. अंगणवाडीची योजना 1975ची. सेविकांना ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो हे सर्वोच्च न्यायालयाला 2022 साली सांगावं लागलं. तोवर मान होताच की.

यावर ठरलेला सवाल येतो: बाबा आमट्यांनी कधी रजा मागितली होती का? नसेल मागितली. पण आनंदवनात काय करायचं ते बाबा ठरवत. मला दर पाच तारखेला किती 'लाभार्थी' झाले त्याची एक्सेल शीट भरून द्यायची असते. त्यांच्या त्यागाचं माप माझ्या एक्सेलला लावणं हा दोघांवरही अन्याय आहे.

माझा खरा राग वेगळाच आहे. एमएसडब्ल्यूला असताना फील्डवर्कचे अहवाल लिहून आम्ही मार्गदर्शकांपुढे बसायचो. आज कुठे चिडलीस, कुठे रडू आलं, कुणाला टाळलंस, हे सगळं तिथे निघायचं. समाजकार्याच्या शिक्षणातली ही सर्वांत शहाणी सोय. विद्यार्थिनीला ती मिळते आणि नोकरी लागली, की बंद होते. कारण हे तास निधीच्या भाषेत 'प्रशासकीय खर्च', आणि परदेशी देणग्यांतून त्या खर्चाची मर्यादा 2020च्या दुरुस्तीनं 50 टक्क्यांवरून 20वर आणली. देशी देणगीदारही काही फार निराळे नाहीत. सगळा पैसा मुलांपर्यंत पोचावा, असं त्यांना वाटतं. मुलांपर्यंत जी पोचते ती बाई मात्र फुकटात ताजीतवानी राहावी.

ती तशी राहत नाही. गेल्या वर्षी एक आई घडलेलं सांगत होती आणि हे कुठल्या रकान्यात बसेल याचा मी विचार करत होते. ती रडायला लागली तेव्हा मी म्हणाले, "हं, पुढे?" ते तिनं ऐकलं. मला अजून ऐकू येतं.

तेव्हा रिसॉर्ट राहू दे. माझी नेमणूक खटला संपेपर्यंतची करा. एका वेळी किती मुलं, याला मर्यादा घाला. आठवड्यातून एक तास कुणा जाणत्या माणसापुढे बसू द्या.

सध्याचं पत्र या महिनाअखेर संपतं. त्या नऊ वर्षांच्या मुलीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मी येईन, असं तिला सांगून बसले आहे. एसटीचं भाडं माझं मीच भरीन. वरिष्ठांच्या कानावर घातलं तर ते खूश झाले. म्हणाले, "बघा, यालाच म्हणतात एंगेजमेंट."