हात बदलतात, अधिकार राहतो

दिवाळीच्या अंकात राजकारण लिहू नये, असा एक जुना संकेत आहे. चकली-करंजीच्या ताटात कारल्याची भाजी कोण वाढतो, असे त्याचे समर्थन केले जाते. पण आमच्या मालवणकडे दिवाळी सुरू होते तीच मुळी कडू चवीने. चावदिवसाच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले की मंडळी तुळशीपुढे जमतात, पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडतात, त्यातला कडू थेंब जिभेला लावतात आणि मगच गूळपोहे, दूधपोहे यांची पाने मांडली जातात. तेव्हा वाचकहो, आधी माझे हे कारीट सोसा. पोहे पुढच्या पानांवर आहेतच.

कारीट म्हणजे नरकासुर. पुराणातल्या असुरांची एक गंमत माझ्या लहानपणापासून लक्षात आहे. असुर काही आभाळातून पडत नाही. तो तप करतो, वर मागतो आणि कोणीतरी देव प्रसन्न होऊन तो देऊन टाकतो. भस्मासुराला वर देताना भोळ्या शंकराच्या मनात पाप नव्हते. त्याने फक्त अट घातली नाही. पुढे स्वतःचेच मस्तक वाचवीत पळण्याची पाळी आली, ती या न घातलेल्या अटीमुळे.

आमच्या जिल्ह्याला अलीकडे असेच दोन वर मिळाले आहेत. 2025 च्या जानेवारीत राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याने किनाऱ्यावर ड्रोनची गस्त सुरू केली. बेकायदा मासेमारी करणाऱ्या नौका आता आकाशातून टिपल्या जातात. त्यानंतर 1 मे 2025 रोजी, महाराष्ट्रदिनी, पालकमंत्र्यांनी जाहीर केले की प्रशासनात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणारा देशातला पहिला जिल्हा आमचा सिंधुदुर्ग. सरकारी कचेरीत बुद्धिमत्ता येणार हे ऐकून, ती कृत्रिम का असेना, आनंदलेले एक पेन्शनर गृहस्थ मला त्याच आठवड्यात भेटले. त्यांचा एक कागद फार दिवस टेबलांवरून फिरत होता.

मी यंत्राचा वैरी नाही. ड्रोनचा तर मुळीच नाही. रापणकऱ्याचे दुःख ज्याने पाहिले आहे, तो त्या यंत्राला नावे ठेवणार नाही. पहाटे समुद्रात जाळे टाकायचे, दोन्ही बाजूंनी माणसांनी दोर धरून ते किनाऱ्याला ओढायचे आणि मिळेल ते वाटून घ्यायचे, असा हा धंदा. त्याच पाण्यात रात्री विजेच्या झगझगीत दिव्यांनी मासळी गोळा करून यांत्रिक बोटी ती उपसून नेतात. 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, पर्ससीन जाळ्यांवर 2016 चे निर्बंध आहेत, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राची 2017 ची बंदी आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीने दंड लाखांच्या घरात गेला आहे. कायदा भरपूर. पण खात्याची गस्तीनौका पोचेपर्यंत दिवे मालवलेले असतात आणि बोट बारा सागरी मैलांच्या पलीकडे, म्हणजे राज्याच्या हद्दीबाहेर, पसार झालेली असते. अशा वेळी आकाशातून एक डोळा हे सारे पाहत असेल, तर पारंपरिक मच्छिमाराने त्याला दुवाच द्यावी.

आणि तो देतोही. तरीपण दांडीच्या किनाऱ्यावर जाळे शिवीत बसलेल्या एका वृद्ध तांडेलाने मला जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर मला कुठल्याही सरकारी पत्रकात सापडले नाही. तो म्हणाला, "यंत्र चुकता काय नाय, ता माका ठावक नाय. पण चुकला तर भांडूचां कोणावांगडा? सायबाक निदान तोंड आसता. ह्येका तोंड खंय आसा?"

या प्रश्नात नागरिक-स्वातंत्र्याचे सारे शास्त्र आले. सत्तेला तोंड हवे, म्हणजे तिला जाब विचारता येतो. मालवणच्या राजकोटावर 4 डिसेंबर 2023 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण झालेला शिवरायांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला. अवघ्या नऊ महिन्यांच्या आत. ती बातमी ऐकून ज्याच्या काळजात चर्र झाले नाही, असा मराठी माणूस विरळा. त्या वेळी ताशी 45 किलोमीटर वेगाच्या वाऱ्याकडे बोट दाखवून झाले. पण लोकांनी वाऱ्याला सोडले आणि माणसांना धरले: काम कोणाला दिले, आराखडा कोणी तपासला, सही कोणाची? कागदावर नावे होती म्हणून गुन्हा दाखल होऊ शकला, अटका होऊ शकल्या. काल वाऱ्याकडे बोट दाखवले गेले; उद्या यंत्राकडे दाखवले जाईल. "संगणकाने नाव वगळले, आम्ही काय करणार?" हे वाक्य रेशनच्या दुकानात, बँकेत आणि पेन्शनीच्या खिडकीवर आपण आताच ऐकू लागलो आहोत. वाऱ्याला जसा समन्स काढता येत नाही, तसा यंत्रालाही येत नाही.

यावर सज्जनांचे एक उत्तर ठरलेले असते. "अहो, चांगली माणसे आहेत, दुरुपयोग करणार नाहीत." असेल. मी कोणाच्या चांगुलपणावर शंका घेत नाही. पण चांगुलपणावर विसंबल्याने काय होते, याची गोष्ट आमच्याच मतदारसंघात घडून गेली आहे.

बॅरिस्टर नाथ पै आमच्या वेंगुर्ल्याचे. 1942 च्या लढ्यात तुरुंग भोगलेला हा माणूस 1957 पासून तीन वेळा राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर गेला. त्यांच्या सचोटीबद्दल विरोधकांनीही कधी ब्र काढला नाही. 1967 च्या फेब्रुवारीत गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच मतांनी निकाल दिला की मूलभूत हक्कांना कात्री लावण्याचा अधिकार संसदेला नाही. नाथ पैंना ते पटले नाही. संसद लोकांची, सार्वभौमत्व लोकांचे. समाजसुधारणेच्या आड कोर्ट का यावे, हा त्यांचा सवाल. त्यांनी घटनादुरुस्तीचे खासगी विधेयक आणले. देशभर त्यावर रणे माजली. ते विधेयक मंजूर होण्याआधीच 1970 च्या अखेरीस लोकसभा विसर्जित झाली आणि 18 जानेवारी 1971 रोजी बेळगावात नाथ पैंनी देह ठेवला. पण कल्पना मेली नाही. त्याच वर्षी इंदिरा गांधींच्या सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती करून तो अधिकार संसदेकडे आणला. 1973 साली केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला, मात्र घटनेच्या मूलभूत चौकटीला हात लावायचा नाही, अशी अट घातली.

आता पुढचा भाग ऐका. नाथ पैंच्या जागेवर राजापूरकरांनी प्रा. मधु दंडवते यांना निवडून दिले. 1975 च्या जूनमध्ये आणीबाणी आली, तेव्हा दंडवते संसदीय समितीच्या कामासाठी बंगलोरात होते. तेथेच त्यांना पकडले. ते बंगलोरच्या तुरुंगात आणि त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई येरवड्याच्या. नवरा-बायकोचा संसार पत्रांवर चालला. बाहेर संसद भरतच होती, हात वर होतच होते. 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने तर घटनादुरुस्तीला कोणत्याही कोर्टात आव्हान देता येणार नाही, असे लिहून ठेवले. नाथ पैंनी ज्या संसदेवर जीव टाकून विश्वास ठेवला, त्याच संसदेने हे केले. 1980 साली मिनर्व्हा मिल खटल्यात ते कलम रद्द झाले, ते केशवानंदातल्या अटीच्या बळावर. नाथ पैंच्या हेतूत खोट होती का? तिळमात्र नव्हती. त्यांनी हात पाहिले, ते स्वच्छ होते. पण हात बदलतात आणि अधिकार मात्र राहतो.

पाच न्यायमूर्तींसमोर त्या काळात एक साधा प्रश्न गेला होता: विनाचौकशी कोंडलेल्या माणसाला आपल्या सुटकेसाठी कोर्टाचे दार ठोठावता येते का? 28 एप्रिल 1976 रोजी चौघांनी उत्तर दिले, नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना वेगळे उभे राहिले. त्या चौघांत आपल्या पुण्याचे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. एकेचाळीस वर्षांनी, 24 ऑगस्ट 2017 रोजी, नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आणि त्या निकालपत्रात वडिलांचा 1976 चा निर्णय चुकीचा ठरवणारे शब्द लिहिले ते त्यांचे चिरंजीव न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी. सरकारला नागरिकाच्या खासगी आयुष्यात डोकावायचे असेल तर आधी कायदा हवा, हेतू योग्य हवा आणि डोकावणे गरजेपुरतेच हवे, असा दंडक त्या निकालाने घातला. भस्मासुराला घालायची राहिलेली अट ती हीच.

मग घोडे अडते कुठे? घोडे अडते ते अमलात. 2012 च्या नोव्हेंबरात शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली. त्याबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने त्याला पसंती दर्शवली, आणि दोघींना पोलिसांनी अटक केली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 अ काही कॉलेजातल्या पोरींसाठी केलेले नव्हते. पण कायद्याचे शब्द ढगळ होते, आणि ढगळ सदरा कोणाच्याही अंगात येतो. 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले, तोवर अनेकांना ते घालून झाले होते. 2025 च्या जुलैत आपल्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले, तेव्हाही त्याचा गैरवापर होणार नाही, असे आश्वासन सभागृहात मिळाले. आश्वासन देणाऱ्याचा शब्द खराही असेल. पण पोलीस ठाण्यातला हवालदार सभागृहातले भाषण उघडत नाही. तो कलम उघडतो.

यंत्राच्या बाबतीत तर गोष्ट आणखी नाजूक आहे. 2024 साली राज्य सरकारने पोलिसांच्या मदतीला कृत्रिम बुद्धिमत्तेची एक कंपनी उभी केली. तिच्या 'मार्व्हल' या नावात दडलेल्या इंग्रजी शब्दांपैकी एकाचा अर्थ आहे पाळत. चोर पकडायला पाळत हवीच. पण पाळत ठेवणाऱ्याचा हिशेब कोण घेणार? 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने ते हत्यार आपल्याला दिले होते, आणि त्याच्याही आधी महाराष्ट्राने अण्णा हजाऱ्यांच्या आंदोलनानंतर 2002 साली स्वतःचा कायदा केला होता. एका अर्जात गावचा रस्ता कोणी खाल्ला ते कळत असे. 2023 चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आला तो नागरिकाची खासगी माहिती जपण्यासाठी, असे आपण समजलो. त्यात एक छोटीशी तरतूद होती. माहिती अधिकारात पूर्वी वैयक्तिक माहितीसुद्धा सार्वजनिक कामाशी संबंध असेल तर मिळत असे. ती पळवाट नव्हती, तो राजमार्ग होता. नव्या तरतुदीने "वैयक्तिक" एवढा शिक्का पुरेसा केला, आणि 2025 च्या नोव्हेंबरात ती अमलात आली. व्यापक सार्वजनिक हिताचे दुसरे एक कलम शिल्लक आहे खरे, पण आता ते हित सिद्ध करीत बसण्याचे ओझे सामान्य माणसावर. शिवाय त्याच विदा कायद्यात सरकारला आपल्याच संस्थांना सूट देण्याची मुभा ठेवलेली आहे. म्हणजे घराच्या भिंती काचेच्या झाल्या त्या आमच्या, आणि पडदे मिळाले ते कचेरीला!

तेव्हा यंत्र नको असे मी म्हणणार नाही. ड्रोन उडू दे, दिवे लावणाऱ्या बोटी सापडू दे. जिल्हाधिकारी कचेरीतल्या यंत्राने कागद तुंबू दिले नाहीत तर आमचे पेन्शनर गृहस्थ तरी सत्यनारायण घालतील. फक्त वर देताना चार अटी कागदावर याव्यात. आकाशातल्या डोळ्याने टिपलेली चित्रे कोण पाहणार आणि किती दिवसांनी पुसणार, ते जाहीर व्हावे. यंत्राने काढलेल्या प्रत्येक निर्णयाखाली एका जिवंत माणसाची नावानिशी सही असावी. दंड झालेल्या नौकामालकाला, नाव वगळलेल्या विधवेला, तालुक्याच्या गावीच दाद मागता यावी. त्यासाठी ओरोस-मुंबईच्या खेपा पडू नयेत. आणि यंत्राने वर्षभरात किती वेळा चूक केली, तो आकडा लोकांसमोर यावा. यात क्रांती वगैरे काही नाही. घरी मोलकरीण ठेवतानासुद्धा आपण याहून जास्त चौकशी करतो.

यासाठी मोर्चा काढायचीही गरज नाही. दिवाळीला गावी आलेले चाकरमानी चार दिवसांत परततील. इथल्यांना मात्र 26 जानेवारीची ग्रामसभा आहे. झेंडावंदन झाल्यावर जिलेबीचा पुडा घेऊन घरी पळण्याची आपली रीत आहे. यंदा पाच मिनिटे थांबावे, उभे राहावे आणि तांडेलाचा प्रश्न शुद्ध मराठीत विचारावा: यंत्र चुकले तर भांडायचे कोणाशी? उत्तर म्हणून जे नाव मिळेल ते इतिवृत्तात लिहून घ्यावे. मिळाले नाही तर तेही लिहून घ्यावे.