छप्पर ज्याचे, अनुदान त्याचे

मैथिलीशरण गुप्तांच्या चिरगावात, झाशीपलीकडे, उन्हाची ददात नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत केंद्राने तीन किलोवॅटच्या घरगुती संचास ७८,००० रुपये अनुदान ठरवले. उत्तर प्रदेश शासनाने त्यात ३०,००० रुपयांची भर घातली. दुकानदारास यात काहीच नाही. त्याने आयकरातील घसाऱ्यावर समाधान मानावे! तेही एक वेळ चालेल. माझा आक्षेप वेगळा आहे. अनुदान मिळते ते स्वतःचे छप्पर असणाऱ्यास, तेही संच बसल्यानंतर. मग चार भावांच्या सामाईक वाड्यातल्या किंवा भाड्याच्या खोलीतल्या माणसाने काय करावे? वीजबिल तोही भरतोच. एका ठिकाणच्या संचाची वीज दुसरीकडच्या बिलातून वळती करण्यास केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत वाव आहे. प्रशासनाने आधी अशा बिनछपरी ग्राहकांची यादी करावी.