माश्या मारण्याचा उद्योग

आमच्या वाणिज्य शाखेत रिकामटेकड्याला ‘माश्या मारतोस काय?’ म्हणून विचारतात. जर्मनीत ख्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांनी आयुष्याची उमेद माश्यांतच घालवली आणि एडवर्ड लुईस यांच्यासमवेत १९९५ चे नोबेल पारितोषिक मिळवले. त्यांची माशी म्हणजे पिकल्या केळ्यांवर घोंगावणारे चिलट, ड्रोसोफिला. (आंबा नासवणारी फळमाशी निराळी.)

तिच्या ‘बायकॉइड’ या जनुकाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. अंडे घडत असताना शेजारच्या पंधरा पोषक पेशी त्यात माल भरतात. त्यातच बायकॉइडचा आरएनए असतो. तो अंड्याच्या पुढच्या टोकाशी साठतो. अंडे घातल्यावर त्यापासून प्रथिन बनते, टोकाशी दाट, मागे विरळ. दाट तिथे डोके, त्याहून कमी तिथे छाती.

जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या मादीच्या अंड्यात हा माल पडतच नाही. मग गर्भाला ना डोके, ना छाती. डोक्याच्या जागी शेपटीकडचा भाग उगवतो आणि गर्भ अंड्यातच मरतो. बाप कितीही निकोप असो, उपयोग नाही. आम्हा जमाखर्चवाल्यांच्या भाषेत, आरंभीची शिल्लकच शून्य. मादी स्वतः मात्र धडधाकट असते, कारण तिच्या आईने तिची शिदोरी नीट बांधलेली असते. १९८६ साली ट्युबिंगेनमध्ये अशा अंड्यांत निकोप अंड्याच्या टोकाचा द्रव टोचला, तेव्हा तिथे डोके-छाती घडू लागली.

हे मी एका मित्राला सांगितले, तर तो म्हणाला, ‘‘म्हणजे दोष आईचाच!’’

इथेच माझा वाद आहे. त्या मादीच्या बिघडलेल्या दोन प्रतींपैकी एक तिच्या बापाकडूनच आलेली असते, हे तो सोयीस्करपणे विसरला. शिवाय बायकॉइड माणसात नाही, डासातसुद्धा नाही. माशीवरून सुनेचा निवाडा करायला आधार कसला?

आमच्या गल्लीत एका घरी व्यंग असलेले मूल जन्मले. ‘सुनेतच खोट’ हे वाक्य मी मराठीत ऐकले, कन्नडमध्येही ऐकले. सून आता बाळासह माहेरी आहे. तिच्या सासऱ्यांना समजवायला मी जाईन, पण बी.कॉम.च्या पोराचे ते काय ऐकणार? जीवशास्त्राच्या सरांनी माझ्यासोबत एक संध्याकाळ यावे, एवढीच विनंती.