मोगरा वांझ नसतो

रविवारी कशेळ्याहून परतताना एका बंगल्यासमोर मोगऱ्याची सहा झुडपं उपटून बांधावर टाकलेली दिसली. मुळं उघडी, पानं अजून हिरवी. चार वर्षांत फूल दिलं नाही, वांझ निघाली, असं तिथल्या माळीदादांनी सांगितलं. तो शब्द मला लागला. झुडपं होती भिंतीच्या उत्तरेला, वर आंब्याची गच्च सावली. मोगऱ्याला दिवसाला पाच-सहा तास तरी थेट ऊन हवं. तिथे तासभर पोचत असेल तर पुष्कळ. झाडाचा काही दोष नाही, जागा चुकली.

जागा चुकते, कारण बागेचा आराखडा मे महिन्यात मुंबईत बसून काढतात. हे मी पुन्हा पुन्हा लिहितो आणि लिहीत राहीन. नेरळ माथेरानच्या पूर्व पायथ्याशी, तिथे ऊन लवकर डोंगराआड जातं. खोपोलीला घाट पूर्वेला, तिथे सकाळचं ऊन उशिरा उतरतं. दोन्हीकडे एकच आराखडा कसा चालेल? जुलैत पाणी कुठे तुंबतं हे तर कागदावर नसतंच. सोनचाफा सखल कोपऱ्यात लावतात, श्रावणात त्याची मुळं कुजतात. ओलीवर जगणारा सोनटक्का माळावर जातो आणि एप्रिलमध्ये त्याच्या पानांच्या कडा करपतात.

मग झाड हलवा ना! पण हलवलं की मरतं, अशी धास्ती. कर्जत-खालापुरात ही धास्ती ऐकली की मला खरोखर नवल वाटतं. इथली बहुतेक भातशेती रोप हलवण्यावर उभी आहे. राबावरचं, म्हणजे रोपांच्या वाफ्यातलं रोप 21 ते 25 दिवसांचं झालं की उपटायचं, मुळं पाण्यात झटकायची, मुठी बांधायच्या आणि चिखलात दोन-तीन काड्या एकत्र खोचायच्या. या आवणीनंतर चार दिवस खाचर पिवळं दिसतं. त्या पिवळेपणाला कोणी घाबरत नाही. उलट रोप राबावरच जून झालं तर फुटवे कमी येतात, म्हणून पाऊस लांबला की जीव टांगणीला लागतो. हलवण्यापेक्षा न हलवण्याची काळजी! आमच्याकडे बागेत हातभार लावणाऱ्या मावशी म्हणतात, "दादा, आवण पन मान टाकतंय, मंग धरतंय." अनंताचं झुडूप पागोळीखालून काढलं तेव्हा मी दिवसातून तीनदा पाणी घालत होतो, तेव्हाचं त्यांचं हे बोलणं.

मात्र आवणीचं सगळंच मोगऱ्याला लावू नका. भाताचं रोप कोवळं, त्याला चिखल मानवतो. मोगऱ्याला मातीसकट उचलायचं असतं आणि भर जुलैत मुळांभोवतीच्या मातीची हुंडी हातात फुटते, खड्ड्यात पाणी भरतं. म्हणून मृगाचे पहिले दिवस, साधारण 8 जूनपासून: माती ओली असते, पण चिखल झालेला नसतो. मृग हुकला तर गणपतीनंतरची उघडीप पाहावी. नवा खड्डा आधी खणून ठेवा. झुडूप एक तृतीयांश छाटा, बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून गोल खणा, हुंडी गोणपाटात बांधून उचला आणि पूर्वी होतं तेवढंच खोल बसवा. चार दिवस वर सावली धरा. एवढंच.

बांधावरच्या सहांपैकी एक झुडूप मी मागून आणलं. हुंडी नव्हतीच, पण खालची एक फांदी जमिनीला टेकून तिला आपसूक मुळं फुटली होती, पांढरी, सुतासारखी. दाब कलम म्हणून आपण जे मुद्दाम करतो, ते तिने उन्हाकडे सरकत सरकत स्वतःच केलं होतं. फांदी वेगळी करून दक्षिणेच्या पायरीपाशी लावली, मूळ झुडूप तिच्या शेजारी.

उरलेली पाच अजून बांधावरच आहेत, मी ओलं गोणपाट टाकून आलोय. नेरळ-कशेळे पट्ट्यात ज्यांच्या अंगणात दिवसभर ऊन येतं, त्यांनी कळवा. उद्या सकाळी घेऊन येतो.